खेळाबाहेरचे बावीस तास

भारतीय सर्कस जन्माला आली ती घोड्याच्या पाठीवर. सांगली भागातले विष्णुपंत छत्रे हे अश्वविद्येतले जाणकार. मुंबईत आलेली चिआरिनी या इटालियन माणसाची सर्कस त्यांनी पाहिली, असे खेळ आपल्यालाही उभे करता येतील अशी जिद्द धरली आणि १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ सुरू केली. पुढे कार्लेकर, देवल, शेलार अशी मराठी नावे तंबूंवर झळकली. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे तर अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत वाघ-बिबट्यांचे खेळ करून जगभर नावाजले गेले. मराठी माणसाला सर्कशीचा अभिमान वाटतो आणि तो अभिमान खोटा नाही. म्हणूनच पुढचे म्हणणे मराठीत मांडण्याची जास्त गरज आहे. सर्कशीतल्या प्राण्यांचे हाल हे एखाद्या वाईट मालकाचे किंवा दारू पिऊन हात उगारणाऱ्या माहुताचे वैयक्तिक पाप नाही. फिरत्या तंबूत, ठरल्या वेळी, तिकीट काढून आलेल्या माणसांपुढे प्राण्याने हुकमाबरहुकूम खेळ करून दाखवायचा असे ठरले, की हाल त्या व्यवस्थेतच ठरून जातात. नियम करून ते थोडेफार कमी होतील. संपवायचे असतील तर प्राणी तंबूबाहेर काढावे लागतील. त्यात वाघ-सिंह आले तसे घोडा, कुत्रा आणि पोपटही आले. आपल्या कायद्याने यातले निम्मे फार पूर्वीच मान्य केले आहे. उरलेले निम्मे मान्य करायला आपण का कचरतो, हा खरा प्रश्न आहे.

प्रेक्षकाला प्राणी दिसतो तो दहा-पंधरा मिनिटे. बँड वाजत असतो, झूल चमकत असते, रिंगमास्टर हात वर करून टाळ्या मागत असतो. प्राण्यांशी चांगले वागले जाते की नाही, याचा अंदाज आपण त्या दहा मिनिटांवरून बांधतो आणि तिथेच चुकतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी फिरत्या सर्कशींतल्या वन्यप्राण्यांविषयीच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा २००९ साली प्रसिद्ध केला. खेळ आणि तालीम मिळून प्राण्याच्या दिवसातला १ ते ९ टक्के वेळ जातो, असे त्यांना आढळले. म्हणजे जास्तीत जास्त धरले तरी दोन-सव्वादोन तास. उरलेल्या बावीस तासांतला बहुतेक वेळ पिंजऱ्यात, साखळीवर, गाडीत नाहीतर लहानशा कुंपणात जातो, आणि ते कुंपणही प्राणिसंग्रहालयासाठी ठरवलेल्या किमान मापापेक्षा लहान असते. या तासांत हत्ती एकाच जागी या पायावरून त्या पायावर भार टाकत डोलत राहतो. वाघ पिंजऱ्याच्या या गजापासून त्या गजापर्यंत त्याच त्या पावलांवर फेऱ्या घालतो. हत्तीला डोलताना पाहून आपण म्हणतो, काय मजेत आहे बघा! प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे याला कोंडलेपणाचे लक्षण मानतात. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २००३ साली आलेल्या एका अभ्यासाने मांसाहारी प्राण्यांबद्दल दाखवून दिले, की ज्या जातीचा रानातला वावर जितका विस्तीर्ण, तितक्या तिच्या बंदिवासातल्या येरझारा जास्त आणि पिल्ले दगावण्याचे प्रमाणही जास्त. सर्कशीने गर्दी खेचण्यासाठी नेमके असेच प्राणी निवडले.

हत्तीच्या पायाकडे जरा जवळून पाहू. रानातला हत्ती माती, गवत, चिखल आणि पाणी तुडवत दिवसाचे कित्येक मैल चालतो. त्या चालण्यानेच त्याचे तळवे आणि नखे झिजून नीट राहतात. सर्कशीच्या मुक्कामात त्याचा पुढचा एक आणि मागचा एक पाय साखळीने खुंटाला जखडलेला असतो, त्यामुळे पुढे एक पाऊल, मागे एक पाऊल एवढीच त्याची दुनिया. तो उभा असतो तिथेच त्याची लीद पडते आणि तिथेच मूत साचते. ओलीत राहून तळवा मऊ पडतो, त्यात खडा रुततो, पू धरतो. नखांना भेगा जातात. साखळीचा घट्टा पडतो त्या जागी कातडे फाटते. तीन-चार टनांचा देह दुखऱ्या पायांवर उभा राहतो आणि संध्याकाळी त्याच पायांवर त्याला स्टुलावर चढवले जाते. हे घडायला कुणाच्या मनात दुष्टपणा असावा लागत नाही. रोज नवे मैदान, अपुरी जागा, आणि सोडला तर आवरणार कसा ही भीती, एवढे पुरते.

आता शिकवण्याविषयी. रानातला कुठलाही हत्ती डोक्यावर उभा राहत नाही. मग तो तंबूत कसा राहतो? रिंगलिंग सर्कशीत हत्तींची पिल्ले शिकवण्याचे काम केलेल्या एका माणसाने त्या कामाची छायाचित्रे आणि शपथपत्र मागे ठेवले होते. २००९ साली ते उजेडात आले. आईपासून तोडलेले पिल्लू, त्याच्या पायांना आणि अंगाला बांधलेले दोर, दोर ओढणारी चार-पाच माणसे आणि त्यांच्या हातातले अंकुश असे त्यांत दिसते. पिल्लाला बसवायचे, आडवे पाडायचे, डोक्यावर उभे करायचे, ते असे. कंपनीच्या हत्तीविभागाच्या प्रमुखाने ही छायाचित्रे खोटी म्हटली नाहीत. कसलेले शिक्षक हत्तीला असेच शिकवतात, असे त्याने सांगितले. मला तक्रारीपेक्षा हे उत्तर जास्त बोलके वाटते. एकदा हे शिक्षण अंगात मुरले, की खेळाच्या वेळी अंकुश नुसता दाखवला तरी भागते. प्रेक्षकाला तो माहुताच्या हातातली एक काठी वाटतो. हत्तीला त्याची टोचणी आठवत असते. आपल्याकडच्या दरवेश्यांच्या अस्वलाची गोष्ट याहून वेगळी नव्हती. अस्वलाच्या पिलाच्या नाकाडात तापवलेली सळई आरपार घालून त्या भोकातून दोर ओवायचा, आणि पुढे आयुष्यभर त्या दोराला हिसका बसला की अस्वल मागच्या पायांवर उभे राहायचे. दारात आलेले अस्वल नाचते म्हणून पोरे टाळ्या पिटत.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो असा, की सगळे शिकवणारे असे नसतात, काहींचे प्राण्यांवर जीवापाड प्रेम असते. हे खरे आहे. दामू धोत्रे यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ असे आहे, आणि पिंजऱ्यात उघड्या अंगाने उतरणाऱ्या माणसाचे ते शब्द मी मनापासून खरे मानतो. पण प्रेम करणारा रिंगमास्टर पिंजरा मोठा करू शकत नाही. तो गाडीचा प्रवास टाळू शकत नाही, आणि वाघाचे आज मन नाही म्हणून सहाचा खेळ नवाला ढकलू शकत नाही. तिकिटे विकली गेलेली असतात. त्याचे प्रेम खेळाच्या तासाला पुरते, बावीस तासांना पुरत नाही. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. ब्रिटनमधल्या चिपरफील्ड या पिढीजात आणि अत्यंत नावाजलेल्या सर्कस घराण्यातल्या मेरी चिपरफील्ड यांना चिंपँझीच्या पिलाला मारहाण केल्याबद्दल न्यायालयाने १९९९ साली दोषी ठरवले. लपवून घेतलेले चित्रीकरण नसते तर ते कुणाला कळलेही नसते. इतका अनुभव आणि इतके नाव असलेल्या घराण्यात हे घडत असेल, तर चांगला मालक निवडून हा प्रश्न सुटेल असे समजणे भाबडेपणाचे आहे.

आपला कायदा काय म्हणतो ते आता पाहावे लागेल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात खेळ करणाऱ्या प्राण्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या २२ व्या कलमाने केंद्र सरकारला असा अधिकार दिला, की ज्या प्राण्यांचे खेळ करू नयेत आणि ज्यांना खेळासाठी शिकवूही नये अशांची यादी सरकारने जाहीर करावी. हा अधिकार तीस वर्षे पडून होता. मार्च १९९१ मध्ये पहिली यादी निघाली. तीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा होता. सर्कसवाले न्यायालयात गेले, समिती नेमली गेली आणि १४ ऑक्टोबर १९९८ ला नवी अधिसूचना निघाली. यादीत सिंह आला आणि कुत्रा गळाला. सर्कसमालकांनी तिलाही आव्हान दिले. व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. केरळ उच्च न्यायालयाने जून २००० मध्ये तो फेटाळला. अरुंद पिंजरे, भीती, भूक, वेदना आणि अप्रतिष्ठेचे जिणे या सगळ्याची नोंद न्यायालयाने घेतली. माणसाला मूलभूत हक्क आहेत तर प्राण्यांना का नसावेत, असा प्रश्न निकालपत्रातच विचारला. १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी कायम केली आणि भारतीय सर्कशीतून वाघ-सिंह गेले.

या निकालामागची कारणे नीट वाचली, तर त्यांतले एकही वाघ-सिंहांपुरते नाही. पिंजरा अरुंद असतो तो कुत्र्यासाठीही. भीती घोड्यालाही वाटते, भूक उंटालाही लागते. माकड यादीत आणि हत्ती यादीबाहेर, असे वर्षानुवर्षे चालले, ते कुठल्या तर्काने? हत्तीला वेदना कमी होतात असे तर कुणी म्हणालेले नाही. यादीबाहेरच्या प्राण्यांसाठी २००१ साली नोंदणीचे नियम आले. प्राण्याला त्याच्या मूळ सहजप्रवृत्तीला धरूनच खेळ शिकवावा, असे त्या नियमांत म्हटले आहे. नियम उत्तम आहे. पण तो मनापासून लावला तर सर्कशीत उरते काय? मागच्या दोन पायांवर चालणारा कुत्रा, स्टुलावर बसणारा हत्ती, सायकल चालवणारा पोपट, यांतली कुठली सहजप्रवृत्ती? नियमच सांगतो की हे खेळ चालता कामा नयेत, आणि त्याच नियमांखाली त्यांची नोंदणी होत आली. मोडणाऱ्याला शिक्षा किती, हेही पाहावे. प्राण्यांच्या खेळांविषयीच्या तरतुदी मोडल्या तर पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. प्राण्याला मारहाण केल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला किमान दंड दहा रुपये आणि कमाल पन्नास. कित्येक दशकांपूर्वीचे हे आकडे आहेत आणि आज पन्नास रुपयांत सर्कशीचे तिकीटही मिळत नाही.

नोव्हेंबर २०१२ ते जुलै २०१३ या काळात भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या परवानगीने देशातल्या सोळा सर्कशींची तपासणी झाली. साखळीने जखडलेले आणि अंकुशाने टोचले जाणारे हत्ती, अंधाऱ्या पिंजऱ्यांत कोंबलेली कुत्री, पंख छाटलेले पक्षी अशा नोंदी तीत आहेत. यावरचा आक्षेप ठरलेला आहे: तपासणी करणारे ‘पेटा’सारख्या प्राणिहक्क संस्थांचे, त्यांना आधीच बंदी हवी होती. आक्षेप अगदीच हवेतला नाही. अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीवर हत्तींच्या छळाचा दावा लावणाऱ्या संस्थांचा मुख्य साक्षीदार त्यांच्याकडून पैसे घेत होता, असे न्यायालयाला आढळले. दावा कोसळला आणि त्या संस्थांना सर्कशीच्या कंपनीला मोठ्या रकमा द्याव्या लागल्या. प्राण्यांची बाजू घेणाऱ्यांनी हा धडा विसरू नये. पण तो दावा पडला साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर. हत्तींना साखळी घातली जाते आणि अंकुश वापरला जातो, हे कंपनीही नाकारत नव्हती. त्याशिवाय हत्ती सांभाळता येत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. मला तेवढे पुरेसे आहे. साखळीशिवाय जो प्राणी तंबूत ठेवताच येत नाही, तो तंबूत ठेवू नये.

यापेक्षा जड आक्षेप पोटाचा आहे. प्राणी गेले आणि सर्कस मेली, असे सर्कशीतली माणसे सांगतात, आणि त्यांच्या हलाखीकडे पाठ फिरवून प्राण्यांबद्दल कळवळा दाखवणे बरे नव्हे. सर्कशी कमी झाल्या आहेत हे उघडच आहे. पण शहरातली मैदाने आटली, भाडी वाढली, घराघरांत दूरदर्शन आणि मग हाताहातांत मोबाइल आला, ही कारणेही तितकीच खरी आहेत. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवणे बंद झाले. तेव्हाही धंदा बुडेल असे म्हटले गेले, पण मुले परत तंबूत आणा असे आज कुणी म्हणत नाही. शिवाय सर्कशीचा आपला इतिहास नुसत्या प्राण्यांचा नाही. छत्र्यांची सर्कस दक्षिणेत गेली तेव्हा तेलिचेरीचे व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हीकण्णन यांच्याशी त्यांची गाठ पडली. त्यांच्या तालमीत तयार झालेली मुले-मुली पुढे अनेक सर्कशींचा कणा बनली. झोक्यावरची झेप, तारेवरची कसरत, मल्लखांबाच्या मुशीतून आलेले अंगाचे लवचीकपण ही माणसाची कला आहे आणि ती कुणाच्या पायात साखळी घालून उभी राहत नाही. (छत्र्यांनी तर रहिमतखाँसारख्या ग्वाल्हेरच्या थोर गवयाला आपल्या सर्कशीबरोबर सांभाळले होते, इतका त्या तंबूचा पैस मोठा होता.) कॅनडातली ‘सर्क दू सोलेई’ १९८४ पासून प्राण्यांचा एकही खेळ न करता जगभर चालली. रिंगलिंगने २०१६ साली हत्ती काढले, २०१७ मध्ये तंबू गुंडाळला आणि २०२३ मध्ये प्राण्यांशिवाय तो पुन्हा उभा केला. आपल्याकडच्या रॅम्बो सर्कशीने यांत्रिक हत्ती-सिंह आणले. कलावंतांना जगवायचे असेल, तर मैदान सवलतीत द्या, मल्लखांबपटूंना आणि जिम्नॅस्टांना तिथे मान देऊन आणा, उतारवयातल्या कलावंतांना निवृत्तिवेतन द्या. अस्वलांच्या बाबतीत असे झालेले आहे. ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने कलंदर समाजाच्या दरवेश्यांना दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल दिले, त्यांच्या मुलांच्या शाळेचे पाहिले आणि बदल्यात अस्वले घेतली. सहाशेहून अधिक अस्वले अशी सुटली आणि २००९ च्या अखेरीस रस्त्यावरचा हा खेळ जवळपास संपला. माणसाच्या पोटाची सोय आणि प्राण्याची सुटका एकाच वेळी करता येते, याला याहून चांगला पुरावा नको.

सर्कशीमुळे मुलांना वन्यप्राणी कळतात, त्यांची आवड लागते, हा मुद्दा मला फारसा टिकाऊ वाटत नाही. आगीच्या कड्यातून उडी मारणाऱ्या वाघाकडून मुलांना वाघाविषयी काहीच कळत नाही. कळलेच तर एवढेच, की चाबूक हातात असला की वाघही वाकतो. संरक्षणाला मदत होते म्हणावे तर सर्कशींनी आफ्रिकी आणि आशियाई सिंहांची सरमिसळ पैदास करून ठेवली. असे संकरित सिंह चंदीगडजवळच्या छतबीड प्राणिसंग्रहालयाच्या पैदाशीत शिरले आणि ती पैदास थांबवावी लागली.

सुटका झाली की प्राण्यांचे पुढे काय, ही काळजी मात्र रास्त आहे. २००१ नंतर सर्कशीतले वाघ-सिंह बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर अशा ठिकाणच्या बचाव केंद्रांत गेले. त्यांची पैदास होऊ दिली नाही. ते तिथे म्हातारे झाले आणि आपल्या मरणाने मेले. रानात सोडण्याजोगे ते नव्हतेच. निदान म्हातारपणी तरी त्यांना चाबकाविना ऊन-सावली मिळाली. सर्कशीबाहेरचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. कोल्हापूरजवळच्या जोतिबा देवस्थानाला दिलेला सुंदर नावाचा हत्ती साखळदंडांत आणि मारहाणीत दिवस काढत होता. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा झाल्यावर जून २०१४ मध्ये त्याला बन्नेरघट्ट्याला नेले. तिथे त्याला इतर हत्तींची संगत मिळाली. अशी केंद्रे चालवायला पैसा लागतो, आणि तो सरकारने दिला पाहिजे, कारण याच प्राण्यांच्या खेळांना इतकी वर्षे परवाने सरकारनेच दिले.

शेवटचा आक्षेप महाराष्ट्रात हमखास निघतो: मग बैलांचे काय? २०११ साली २२ व्या कलमाच्या त्याच यादीत बैल घातला गेला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. मग राज्यांनी कायदे दुरुस्त केले, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. शर्यतींच्या बाजूने शेतकऱ्याचे बैलाशी असलेले नाते उभे राहिले, आणि ते नाते मी नाकारत नाही. तो गोठ्यात घरच्यासारखा राहतो, शेतावर जातो, पोळ्याला सजतो. तरीही शेपूट पिरगाळण्याने होणारी वेदना नात्याने कमी होत नाही, आणि शर्यतीच्या नियमांत अशा प्रकारांना जी मनाई आहे ती काटेकोर पाळली जायला हवी. पण बैलाबाबत आपण ढिले पडलो म्हणून सर्कशीतल्या घोड्याबाबतही पडावे, हा युक्तिवाद होऊ शकत नाही. सर्कशीच्या घोड्याला गोठा नाही, शेत नाही, कुठले गावही नाही. हजारो वर्षे माणसाळलेला प्राणी म्हणून त्याला वगळावे असेही सांगतात. माणसाळलेला प्राणी माणसावर भरवसा टाकतो, त्यामुळे त्याच्याविषयीची आपली जबाबदारी वाढते. बोलिव्हियाने २००९ साली सर्कशीतून वन्य आणि पाळीव असे सगळेच प्राणी काढले. ग्रीसने २०१२ मध्ये तेच केले.

आपल्या सरकारलाही हे पटले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राने नियमदुरुस्तीचा मसुदा काढला. कोणत्याही सर्कशीत किंवा फिरत्या करमणूककेंद्रात कुठल्याही प्राण्याचा खेळ करू नये, असे त्यात साध्या शब्दांत लिहिले होते. हरकती मागवल्या गेल्या, वर्षे लोटली, मसुदा मसुदाच राहिला. तो अंतिम करा, असे पत्र आपापल्या खासदाराला लिहिणे कुणालाही जमण्यासारखे आहे. आणि पुढच्या वेळी गावात तंबू लागेल तेव्हा फलकावर प्राण्यांचे खेळ आहेत का ते आधी पाहा. नसतील तर मुलाबाळांना घेऊन अवश्य जा, झोक्यावरच्या माणसांना भरभरून टाळ्या द्या. असतील तर जाऊ नका, आणि का गेलो नाही ते मुलांना आणि सर्कसमालकालाही सांगा.